आवाज एक, कारणं अनेक

१९५२च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशवी दाबत रुग्णांना श्वास देत होते. घशातल्या नळीत कफ अडकला की अशी पिशवी हाताला कडक लागते, नळी सुटली तर दाब लागतच नाही. आजच्या व्हेंटिलेटरचे दोन मुख्य अलार्म हेच सांगतात.

पहिला जास्त दाबाचा. याची मर्यादा डॉक्टर ठरवतात. मोठ्या माणसासाठी ती बरेचदा ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या आसपास असते. दाब तिच्यापलीकडे गेला की यंत्र हवा ढकलणं तिथेच थांबवतं आणि उच्छ्वासाची झडप उघडतं. फुप्फुसावरचा धोका टळतो, पण तो श्वास अर्धवट राहतो. आणि दाब का वाढला, हे यंत्राला कळत नाही. रुग्ण खोकला असेल, नळीत कफ अडकला असेल, रुग्ण नळी चावत असेल, नळी दुमडली असेल, दम्याने श्वासनलिका आवळल्या असतील किंवा फुप्फुस फाटून छातीत हवा कोंडली असेल. सक्शनने कफ ओढून भागेल असा प्रसंग आणि छातीत तातडीने सुई घालायची वेळ, दोन्हींचा आवाज एकच! म्हणून जाणते डॉक्टर रुग्ण शांत असेल तर श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून दाब पाहतात. रोखलेला दाब पूर्वीइतकाच असेल तर अडथळा वाटेत आहे. तोही चढला असेल तर दोष फुप्फुसात किंवा छातीत.

दुसरा अलार्म कमी दाबाचा, किंवा परत येणारी हवा घटल्याचा. नळी निसटली, तिच्याभोवतीचा फुगा सैल पडला की तो वाजतो. मला हा जास्त धास्तीचा वाटतो. कारण नळी सुटली की हवा रुग्णापर्यंत पोचत नाही, आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलेला रुग्ण स्वतः एकही श्वास घेऊ शकत नाही.

या दोनांखेरीज आणखी एक अलार्म असतो: रुग्ण स्वतः श्वास घेत असेल आणि साधारण २० सेकंद थांबला, तर यंत्र वर्दी देऊन राखीव श्वास सुरू करतं.

सतत वाजणाऱ्या आवाजाला कान सरावतात, ही आयसीयूतली खरी अडचण. तिच्यावर मर्यादा सैल सोडणं हा उपाय नव्हे; ती त्या रुग्णापुरती, दर पाळीला तपासून लावायला हवी. आवाज बंद करायचं बटण बहुतेक यंत्रांत दोनच मिनिटं गप्प करतं, कारण तसंच राहतं. आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असेल आणि अलार्म वाजला, तर बटणाला हात लावू नका. लगेच सिस्टरना बोलवा.