आख बदलण्याआधी

सायखेड्याच्या कांदा बाजाराबाहेर सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते. त्या रांगेत नेहमी दिसणाऱ्या एका पिकअपचा तरुण मालक माझ्या नात्यातला. पावसाळ्यात शिवारातल्या काळ्या मातीत त्याची गाडी दोनदा रुतली, आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टर बोलावून ओढून काढावी लागली. नंतर त्यानं मला विचारलं, "काका, पुढचा आख काढून जीपसारखा सॉलिड आख टाकायचा म्हणतोय. किती खर्च येईल?" गाडीवर अजून कर्ज आहे. मी काही मेकॅनिक नाही, पण हा प्रश्न जितका पैशांचा तितकाच भौतिकशास्त्राचा आहे. नववी-दहावीच्या वर्गात तो मांडून बघावा असा आहे.

सुरुवात वाकून बघण्यापासून करू. उभ्या पिकअपच्या मागच्या चाकांमध्ये डोकावलं, तर मध्ये एक मोठा गोळा दिसतो. त्यात डिफरन्शियलचे दाते असतात. गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी जाड नळ्या थेट चाकांपर्यंत जातात. गोळा आणि नळ्या मिळून एकच ताठ तुकडा होतो. हाच सॉलिड, म्हणजे अखंड आख. त्यावर पाटे आणि पाट्यांवर गाडीचं ओझं. पुढच्या बाजूला गाडीगाडीत फरक असतो. काही पिकअपना पुढेही असाच आख आणि पाटे असतात. काहींची पुढची दोन चाकं मात्र वेगवेगळ्या बिजागऱ्यांवर हलतात, एकाच्या हालचालीचा दुसऱ्याशी थेट संबंध नसतो. याला स्वतंत्र निलंबन म्हणतात.

आता एक पेन्सिल घ्या आणि तिच्या दोन टोकांना दोऱ्याची रिकामी रिळं घट्ट बसवा. एका रिळाखाली पुस्तक सरकवलं की सगळी पेन्सिल तिरपी होते आणि दुसरं रीळही कलतं. अखंड आखाचा गुण आणि दोष दोन्ही इथंच दिसतात. गाडीच्या सांगाड्याच्या मानानं पाहिलं तर हा आख सी-सॉसारखा वागतो: एक चाक दगडावर चढलं की दुसरं तितकंच खाली जातं आणि जमीन सोडत नाही. शिवाय गोळा चाकांबरोबरच वरखाली होतो. त्यामुळे गाडीत कितीही माल भरला तरी गोळ्याखालची मोकळी जागा जवळजवळ तेवढीच राहते. दोष असा की हे सगळं जड लोखंड प्रत्येक खड्ड्यात चाकाबरोबर उडतं. रिकामी पिकअप खडबडीत रस्त्यावर किती आदळते, ते मागे उभं राहून प्रवास केलेल्यांना सांगायला नको.

१९४७ नंतर महिंद्रांनी आपल्याकडे जुळवायला घेतलेल्या विलीज जीपना पुढेमागे दोन्हीकडे अखंड आख होते. २०१० साली आलेल्या थारला पुढे स्वतंत्र निलंबन दिलं गेलं, आणि २०२० पासून नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या थारलाही पुढे स्वतंत्र निलंबन आणि मागे अखंड आख अशीच जोडी आहे. वेगात जाणारी गाडी हातात नीट राहावी, हे त्यामागचं एक मोठं कारण. हौशी मंडळी पुढचा आख बदलतात ती दगडधोंड्यांत चढण्यासाठी.

आमच्या तरुणाच्या गाडीचं दुखणं वेगळंच निघालं. तिला इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात. तिथं कसलाही आख बसवला तरी ओढ कणभर वाढणार नाही. ती हवी तर ताकद पुढे वाटून देणारी वेगळी गिअरपेटी आणि आणखी एक शाफ्ट लागेल.

मग गाडी रुतते का? याचं उत्तर मागच्या गोळ्यात आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. एक चाक निसरड्यावर आलं की त्याला फिरायला फारच थोडा पीळ पुरतो, आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा मिळतो. एक गरगरतं, दुसरं स्वस्थ. गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या देखरेखीखाली हे डिफरन्शियल विद्यार्थ्यांना दाखवता येतं. गाडी पक्क्या स्टँडवर, पुढच्या चाकांना अडण, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलट फिरेल.

तरीही आख बदलायचाच असेल, आणि ताकद पुढेही न्यायची असेल, तर दाते मोजायला विसरू नये. समजा मागच्या आखाचं गुणोत्तर ३.७३ आणि आणलेल्या पुढच्या आखाचं ४.१० आहे. शाफ्टच्या १०० फेऱ्यांत मागची चाकं २६.८ वेळा फिरतील, पुढची २४.४ वेळा. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर फरक सुमारे सव्वापाच मीटरचा झाला. चिखलात चाकं घसरून तो पचवतील. डांबरी रस्त्यावर मात्र शाफ्ट आणि दाते एकमेकांना पिळत राहतील.

आता पैसे. पुढचे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, खरा भाव विचारूनच लिहावा. जुन्या जीपचा आख ४० हजार. त्याचे बेअरिंग, सील, दाते २५. पाटे, यू-बोल्ट, शॉकअप ३०. स्टिअरिंगचे दांडे आणि त्यांची नवी जुळणी २०. ब्रेकच्या नळ्या १०. शाफ्ट लांबी-कोन बघून नव्यानं करणं १५. वेल्डिंग आणि मजुरी ३५. झाले १ लाख ७५ हजार. उघडल्यावर निघणाऱ्या कामांसाठी एकपंचमांश जादा धरले की २ लाख १० हजार. भंगार बाजारात ज्या आखाचा भाव करून आपण खूश होतो, तो एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे! ताकद वाटणारी गिअरपेटी यात धरलेलीच नाही. गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडंही नाही, आणि मार्च ते मे या उन्हाळ कांद्याच्या काढणीत ते भाडंच सर्वांत मोठा आकडा ठरू शकतं.

कायद्याचं कलम मी त्याला मुद्दाम शेवटी सांगितलं, आधी सांगितलं असतं तर त्यानं बाकीचं ऐकलंच नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, हा प्रश्न आणखी वेगळा.

त्यानं वहीचं ते पान फाडलं नाही, घडी करून गाडीच्या कागदांत ठेवलं. मागचे दोन टायर खोल नक्षीचे घेतले, सीटमागे दोन फळ्या आणि एक फावडं टाकलं. परवा फोनवर विचारत होता, दोन चाकांमधली ही गरगर आवरणारं डिफरन्शियल त्याच्या मॉडेलला कंपनीकडूनच मिळतं का.