रोजची डोकेदुखी आणि रोजची गोळी

‘डोक्याला फडके करकचून आवळल्यासारखे वाटते’, ‘मानेपासून कपाळापर्यंत ओढ लागते’, ‘सकाळी बरे असते, दुपारनंतर चढत जाते’ ही वाक्ये दवाखान्यात रोज कानावर येतात. तोपर्यंत रुग्णाच्या मनात तीन शंका पक्क्या झालेल्या असतात. पित्त, बीपी आणि तिसरी, जी तो आवाज खाली आणून विचारतो : डोक्यात गाठ तर नसेल? बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते. बीपी थोडेफार वाढल्याने सहसा डोके दुखत नाही. ते न दुखता वाढते, म्हणूनच तर तपासावे लागते. आणि ज्याला आपण ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणतो, म्हणजे एक बाजू ठणकते, उजेड नकोसा होतो, उलटी झाली की बरे वाटते, ती बऱ्याचदा अर्धशिशी असते. तिचा उपचार वेगळा. तिच्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

आजचा विषय आहे दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, आवळल्यासारखी डोकेदुखी. ती ठणकत नाही, चालल्याने वाढत नाही, कामे थांबवत नाही, पण पिच्छाही सोडत नाही. वैद्यकात तिला तणावजन्य डोकेदुखी म्हणतात. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिले तर ती जुनाट समजायची.

आपल्या सोलापुरात हे दुखणे कुठे जास्त दिसते, हे सांगायला संशोधन नको. पूर्व भागात किंवा कुंभारीच्या घरकुलांत दुपारी कुठल्याही दारात डोकावा. मांडीत सूप, मान खाली, दोन्ही खांदे पुढे आणि बोटे अखंड चाललेली. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, म्हणून मान वर करण्याइतकाही वेळ फुकट घालवायचा नसतो. शिलाई मशीनवर गणवेश शिवणारे कारागीर, दुकानात वह्या लिहिणारे मुनीम आणि आता मोबाईलवर वाकलेली कॉलेजची मुले, यांचीही गत तीच.

आपल्या डोक्याचे वजन साधारण ५ किलो असते. मान ताठ असली की ते मणक्यांवर तोलून राहते. मान पुढे झुकली की ते मागच्या स्नायूंना धरून ठेवावे लागते. २०१४ साली एका अमेरिकन मणकातज्ज्ञाने गणित करून दाखवले, की मान ६० अंशांत वाकली तर मानेवरचा भार सुमारे २७ किलोंवर जातो. गणितच ते, माणसागणिक फरक पडणार. पण पाण्याने भरलेली घागर दिवसभर हाताने धरून ठेवली तर हाताचे काय होईल, तेच इथे मानेचे होते. कवटीच्या तळाशी आणि खांद्यावर स्नायूंच्या गाठी बनतात. आता दुखते मान, तर कपाळ का धरते? मानेच्या वरच्या भागातून आणि चेहरा-कपाळातून येणाऱ्या वेदनेच्या नसा मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे वेदना नेमकी कुठून आली, याचा मेंदूला घोळ होतो.

इथवर सगळे समजण्यासारखे आहे. खरी गुंतागुंत पुढे होते, ती मेडिकलच्या काउंटरवर. गोळी घेतली, बरे वाटले, काम झाले. मग आठवड्यातून एकदाची रोज होते, रोजची दोनदा. विड्या वळणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत चार प्रकारच्या पट्ट्या होत्या आणि डोके मात्र महिन्याचे तीसही दिवस दुखत होते. त्यांना पटायला वेळ लागला, की आता दुखण्याचे एक कारण त्या पट्ट्याच आहेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक, आणि मिश्र औषधांची गोळी १० दिवस किंवा अधिक, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते. शिवाय जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा, हे वरचे व्याज.

उपाय एकच, त्या गोळ्या थांबवणे. साध्या गोळ्या बहुधा एकदम थांबवता येतात. मिश्र गोळीत गुंगीचे किंवा अफूवर्गातले औषध असेल तर ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. गोळी सोडल्यावर पहिला आठवडा, कधी दहा दिवस, डोके आधीपेक्षा जास्त दुखते. इथेच बहुतेकजण हरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि जमले तर कामाचा जोर कमी असेल तेव्हा सुरुवात करा. त्या मावशींनी सणानंतरचे दिवस निवडले. दीड महिन्याने आठवड्यातले दोन दिवस दुखणे उरले होते. गरज वाटल्यास डॉक्टर रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात. तिची सवय लागेल म्हणून लोक उगीच घाबरतात. मात्र काचबिंदू, लघवी अडखळणे किंवा हृदयविकार असेल तर आधी सांगायला हवे.

आता मानेकडे वळू. ‘काम बंद करा’ असे सांगणारा डॉक्टर हजाराचा हिशेब विसरतो. काम वर आणा, इतके करता येते. सुपाखाली पाट किंवा घट्ट उशी घेऊन ते वीतभर उंच करा. बुडाखाली घडी घातलेली वाकळ आणि पाठ भिंतीला टेकलेली. पन्नास विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवून उठा, पाणी प्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी जवळचा चष्मा तपासून घ्यावा, कारण दिसत नसले की मान आपोआप पुढे जाते.

व्यायामही तिथेच बसून होतो. पाठ भिंतीला लावा, नजर समोर ठेवा आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढा. दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे बरोबर जमले. पाच आकडे मोजून सोडा, असे दहा वेळा. मग खांदे कानापर्यंत उचलून सैल सोडा. मान गोल गोल फिरवू नका. रात्री आपल्याच गावचा टॉवेल गरम पाण्यात पिळून, सोसेल इतका गरम, दहा मिनिटे मानेवर ठेवा. आणि दाढी झाल्यावर मान कटकन मोडून घेण्याची हौस असेल तर ती कायमची सोडा. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.

एक्स-रेबद्दलही दोन शब्द. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या चित्रात झीज दिसतेच, काहीही न दुखणाऱ्यांच्याही. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे ऐकून महिनोन् महिने पट्टा घालणारे स्नायू आणखी अशक्त करून घेतात.

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मी देत नाही. मुलीची फी आणि नवऱ्याची बाटली अशा सल्ल्याने मिटत नाहीत. रात्रीची सात तास झोप, वेळेवर जेवण, चहावर दिवस न काढणे आणि एप्रिल-मेच्या उन्हात पुरेसे पाणी, एवढे तरी सांभाळा.

मात्र काही लक्षणांत व्यायाम नाही, शेक नाही आणि वाटही पाहायची नाही. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, तापाबरोबर ताठ झालेली मान, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, दोन-दोन दिसणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, गरोदरपणातले दुखणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले आणि कानशिलावर हात लावला तरी दुखणारे, किंवा रोज पहाटे उलटीसह जागे करणारे दुखणे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.