हेमंताचा गंधोपचार : गुलाब, कस्तुरी आणि एक प्रश्न

आश्विन सरत येतो, काकडआरतीचे दिवस लागतात आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सांज उतरताच उपरणे अंगाभोवती लपेटून घ्यावेसे वाटू लागते. दिवाळीची चाहूल आम्हांस प्रथम लागते ती नाकाला. उटण्यातील नागरमोथा, वाळा नि चंदन, तेलाच्या पणत्यांचा वास, आणि अभ्यंगस्नानानंतर वडीलधाऱ्यांनी कानात ठेवलेला अत्तराचा फाया. घरोघरी हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्या फायातील गंधाविषयी, विशेषतः थंडीच्या संध्याकाळी आवडीने लावल्या जाणाऱ्या कस्तुरीमिश्रित गुलाबाविषयी, आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

पंचोपचारात गंध हा पहिला उपचार. न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. देवाला गंध वाहणे म्हणजे ज्या मातीतून आपण आलो, तिचे सार त्याच्या चरणी ठेवणे, असे आम्ही कीर्तनात सांगत आलो. आमच्या पूर्वजांनी या विषयाचे शास्त्रच रचले होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांच्या मात्रा व संस्कार पालटून एकंदर १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असे गणित त्याने मांडले. बाराव्या शतकात चालुक्यनृपती तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त विलेपनाला वेगळे प्रकरण दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ प्रकाशात आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, ही आपणां मराठी जनांस अभिमानाची गोष्ट होय.

ऋतूप्रमाणे गंध

गंध ऋतूस अनुसरून असावा, ही दृष्टी वैद्यकातून आली. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात वाग्भटाने ऋतुचर्या सांगितली आहे. तीत हेमंतासाठी कस्तुरीयुक्त केशराचा लेप आणि अगुरूचा धूप यांचे विधान आहे. जुने गंधी आजही तोच विवेक पाळतात. उन्हाळ्यात वाळा व मोगरा, पहिल्या पावसाच्या दिवसांत मातीचे अत्तर, आणि थंडीत हिना, केशर, अगुरू व कस्तुरी. गुलाब स्वभावाने शीतल; एकटा लावला तर थंडीत तो लवकर विरल्यासारखा वाटतो. त्याला कस्तुरीच्या उष्ण, खोल गंधाची जोड मिळाली की तो स्थिरावतो, रात्री उशिरापर्यंत उपरण्यातून दरवळत राहतो. म्हणूनच दोहोंचा हा मेळ हेमंताच्या सायंकाळी शोभतो.

‘गुलाब’ हा शब्द फारसी. गुल म्हणजे फूल व आब म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबपाणी. पुढे आपल्याकडे फुलालाच ते नाव पडले. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले, अशी लोकसमजूत आहे. परंतु जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याचे श्रेय नूरजहानच्या मातेस दिले आहे. गुलाबपाणी काढताना वर आलेला तवंग तिने हलक्या हाताने गोळा केला आणि त्यातून हे अत्तर निघाले.

कनोजात चैत्राच्या सुमारास बहरणारा गुलाब पहाटेच खुडून आणतात. तांब्याच्या ‘देग’ नामक हंड्यात पाकळ्या व पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. खाली लाकडे-गोवऱ्यांचा मंद जाळ, आणि बांबूच्या नळीतून वाफ जाते ती थंड पाण्यात बसविलेल्या ‘भपक्या’त. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ निवते, पाणी खाली राहते आणि गुलाबाचा गंध चंदन आपल्यात सामावून घेते. निव्वळ गुलाबतेल काढावयाचे तर एका किलोसाठी सुमारे ४,००० किलो पाकळ्या लागतात. एका थेंबामागे केवढा बगीचा उभा असतो, हे यावरून ध्यानी यावे.

कस्तुरीचा प्रश्न

कस्तुरीची कथा मात्र वेगळी आहे, आणि ती सांगण्यास आम्हांस एका प्रसंगाने भाग पाडले.

आमच्या तीर्थरूपांना एका यजमानांनी कस्तुरीच्या अत्तराची लहानशी कुपी दिली होती. वर्षातून एकदा, बलिप्रतिपदेच्या सायंकाळी, ते त्यातील काडीभर अत्तर गुलाबात मिसळून प्रथम पांडुरंगाच्या तसबिरीस व मग घरातील सर्वांस लावीत. त्यांच्यामागे तो नेम आम्ही चालविला. सन २००९ च्या कार्तिकात एका गावी कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही कस्तुरीमृगाचा दृष्टांत घेतला. सुगंध स्वतःच्या देही असून तो शोधण्यासाठी रानोमाळ धावणारे ते हरिण. तसाच हृदयस्थ हरीला बाहेर शोधणारा जीव. कीर्तन रंगले. बुक्का लावून घेण्यास आलेली दहा-बारा वर्षांची एक मुलगी आमच्या उपरण्याचा वास घेऊन म्हणाली, “बुवा, हा वास कस्तुरीचा का? मग त्या हरणाचे काय झाले?”

आम्ही काही तरी बोलून वेळ मारून नेली. घरी परतल्यावर झोप लागेना. दृष्टांतातले हरिण आम्ही शेकडो वेळा रंगविले होते. अरण्यातल्या हरणाची विचारपूस मात्र एकदाही केली नव्हती.

ती केली तेव्हा जे कळले ते असे. कस्तुरी नाभीत नसते. नराच्या उदरावर, नाभीच्या मागे असलेल्या पिशवीत ती साठते. ‘मुष्क’ या संस्कृत शब्दाचा अर्थ वृषण. त्यावरूनच फारसी ‘मुश्क’ व इंग्रजी ‘मस्क’ आले, असे भाषाकोविद मानतात. एका नराजवळ सुमारे २५ ग्रॅम कस्तुरी निघते. तिच्यासाठी रानात फास लावतात; आणि फासाला नर-मादी, थोर-लहान हा भेद कळत नाही. माद्या नि पाडसे त्यात व्यर्थ मरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा मृग आहे. त्याची शिकार व कस्तुरीचा व्यापार गुन्हा ठरतो. ज्या केदारनाथास आपण भक्तिभावाने जातो, तेथील डोंगरांत १९७२ पासून या मृगाचे अभयारण्य आहे. शिवाच्या अंगणात ज्याला अभय दिले, त्याच्या प्राणाचे मोल देऊन विठ्ठलाला सुगंध कसा वाहावा?

प्रतिनिधी द्रव्य

काही सश्रद्ध मंडळी विचारतील, परंपरेने सांगितलेला उपचार मग खंडित करावयाचा काय? याचे उत्तर शास्त्रातच आहे. जैमिनींच्या मीमांसेत सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’चा विचार येतो. विहित द्रव्य मिळत नसेल तर त्याच्याशी साम्य असलेले दुसरे घ्यावे, पण कर्म सोडू नये. सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका घ्यावी, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. नित्याच्या पूजेत अलंकारांच्या ठिकाणी आपण अक्षता वाहतोच की! जे कायद्याने निषिद्ध आणि भूतदयेला विरोधी, ते आपणांस अलभ्यच मानावे, असे आमचे मत आहे.

आणि प्रतिनिधीही ग्रंथांतरी तयारच आहे. कामरूप, नेपाळ व काश्मीर अशा त्रिस्थळीच्या कस्तुरीचे वर्णन करणाऱ्या भावप्रकाशातच ‘लताकस्तुरी’ सांगितली आहे. आपल्याकडे तिला कस्तुरभेंडी म्हणतात. भेंडीच्याच कुळातले हे झुडूप. हिच्या बियांना कस्तुरीसारखा कोमल सुवास येतो. रसायनशास्त्रही सांगते की, या बियांतील गंधद्रव्य कस्तुरीतील द्रव्याप्रमाणेच मोठ्या वलयाच्या रचनेचे आहे. मात्र भावप्रकाशात कस्तुरी उष्ण तर लताकस्तुरी शीत म्हटली आहे. तेव्हा औषधात एकीच्या जागी दुसरी योजू नये. आपला प्रश्न गंधापुरता आहे, आणि तेथे ती उणी पडत नाही. बाजारात ‘कस्तुरी’ म्हणून मिळणारी बहुतेक अत्तरे आता कृत्रिम द्रव्यांची असतात. घेताना गंध्यास स्पष्ट विचारावे. देवासाठी मद्यार्काचे सेंट न घेता तेलावर काढलेले अत्तर घ्यावे.

योजना सोपी आहे. गुलाबाच्या अत्तराचे तीन थेंब, लताकस्तुरीचा एक. वाटल्यास चंदनाचा एक. कापसाच्या फायावर घेऊन प्रथम देवापुढे ठेवावे, मग मनगटास वा उपरण्याच्या काठास टेकवावे, चोळू नये. निरांजनापासून फाया दूर असावा. थोडक्यात गोडी असते.

तीर्थरूपांची कुपी आम्ही पुन्हा उघडली नाही. आत उरले होते ते केव्हाच उडून गेले. कुपी देवघरात आहे. दरवर्षी बलिप्रतिपदेस नव्या अत्तराचा फाया नातवंडांच्या कानात ठेवताना आम्ही त्या मुलीचा प्रश्न त्यांना सांगतो. गावोगावच्या कीर्तनांतही दृष्टांत तोच घेतो. पण शेवटी ते हरिण रानात सुखरूप आहे ना, हे विचारल्यावाचून उत्तररंगाकडे वळत नाही.

यंदाच्या दीपावलीत आपल्या घरी जो गंध दरवळेल, त्यात कोणाही जीवाचे दुःख मिसळलेले नसो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.