आपल्या मुलांना मराठी वाचता यावे म्हणून : प्राथमिक शिक्षणातील संशोधन काय सांगते?

आपल्या गणेशोत्सवात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात मुलांचे मराठी कानावर पडते. तेलुगू-दखनीची फोडणी असली तरी ते अस्सल घरचे मराठी असते. मात्र याच मुलांच्या हाती मराठी गोष्टीचे पुस्तक दिले, तर बरीच जण चित्रे पाहून ते परत करतात. बोलता येते, वाचता येत नाही, ही आज आपल्या अनेक घरांतली स्थिती आहे. कोठी परिसरात आपल्या पूर्वजांनी विवेक वर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली. इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. पुढची पिढी वाचणारीच नसेल, तर तिथली कपाटे कोणासाठी उघडायची? म्हणून प्राथमिक शाळेतील वाचन-लेखनावर झालेल्या संशोधनातून आपल्या उपयोगाचे काय आहे, ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

विवेक वर्धिनीपासून फलटणपर्यंत

या विषयातले एक मोठे नाव कोठीशी जोडलेले आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन तरुणी १९६१ साली भारतात आल्या, त्या विवेक वर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यासाठी. पुढे त्या भाषाशास्त्राकडे वळल्या. फलटणच्या बोलीभाषेचा अभ्यास करून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, भारतीय नागरिकत्व घेतले आणि फलटणलाच घर केले. शाळेतून गळालेल्या, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले. त्यातूनच प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली.

या कामात त्यांना जाणवले की दोष मुलांच्या बुद्धीत नसून शिकवण्याच्या रीतीत आहे. आपण आधी अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे असा क्रम लावतो. मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचायला मिळेपर्यंत महिने उलटतात आणि तोवर त्याचा रस संपतो. फलटणला यावर उपाय म्हणून अक्षरांचे छोटे गट केले गेले. एका गटात मोजकी अक्षरे आणि एखादी मात्रा एवढेच घ्यायचे आणि लगेच शब्द वाचायला-लिहायला लागायचे.

हे किती सोपे आहे ते पाहा. क, म, ल ही तीन अक्षरे आणि एक काना एवढेच घ्या. काका, मामा, काम, कमल, कलम, लाल, मला, कमाल असे आठ शब्द सहज तयार होतात. त्यात दुसरी वेलांटी मिळवली की मी, काकी, मामी हेही वाचता येतात. आठवडाभरात मूल घरातल्या माणसांना कागदावर ओळखू लागते.

घाई का करू नये?

इंग्रजीत सव्वीस अक्षरे असतात. मराठीत चौतीस व्यंजने धरली, तरी बाराखडीची चारशेहून अधिक रूपे होतात. जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेले संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की अशा लिपीतल्या अक्षरांवर पूर्ण पकड यायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. इंग्रजी अक्षरांसारखे ते एका वर्षात उरकत नाही. कन्नड आणि देवनागरी लिपीची बांधणी सारखीच आहे. त्यामुळे दुसरीतले मूल ‘क्ष’ किंवा ‘र्य’ला अडखळले, तर त्याला मराठी जमणार नाही असे समजू नका. ते त्या वयाला साजेसेच आहे.

अक्षरे आली, अर्थ राहिला

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातील यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे अभ्यास केला. यादगीर म्हणजे एकेकाळचा आपल्याच निजामी मुलखाचा भाग. २०१७ साली त्याचा अहवाल आला. तिसरी संपत आली तरी पुष्कळ मुलांना साधा उतारा समजून वाचता येत नव्हता आणि स्वतःच्या मनातले चार शब्द लिहिता येत नव्हते. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरचे उतरवण्यात जात होता. गोष्ट ऐकणे, तिच्यावर बोलणे, स्वतःचे काही लिहिणे यांना जागाच नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील तिसरीच्या मुलांची पाहणी करून बर्नसन यांनीही आधी अशीच चिंता मांडली होती.

यातून आपण एक गोष्ट घ्यायची. लिपी आणि अर्थ बरोबरीने चालले पाहिजेत. ‘आधी अक्षरे पक्की होऊ देत, गोष्टी नंतर’ हा क्रम मुलाला वाचनापासून दूर नेतो.

तेलुगूचे ओझे की आधार?

‘शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी, त्यात मराठी कुठे बसवायची?’ असे पालक विचारतात. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. वाचनाची समज एका भाषेत आली की ती दुसऱ्या भाषेतही कामी येते, प्रत्येक भाषेत पाटी कोरी नसते.

तेलंगणात २०१८च्या कायद्याने शाळांमध्ये तेलुगू सक्तीची झाली. आपली मुले तिथे ‘गुणिंतालु’ शिकतात, म्हणजे आपली बाराखडीच. व्यंजनाला स्वराची खूण जोडायची हे त्यांना आधीच ठाऊक असते, फक्त आकार नवे. फरक तेवढे आवर्जून दाखवा. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण नंतर उच्चारतात. तेलुगूत जोडाक्षरातले दुसरे व्यंजन सहसा खाली येते, आपल्याकडे बहुधा पहिले व्यंजन अर्धे होते. हिंदी शिकणाऱ्या मुलाला तर लिपी येतेच. त्याला हवे असतात ‘ळ’ची ओळख आणि भरपूर मराठी शब्द.

घरी काय करता येईल?

रोज पंधरा मिनिटे पुरतात. आजी-आजोबांनी मुलाला शेजारी बसवून, ओळींवर बोट फिरवत गोष्ट वाचावी. मध्येच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे.

दर आठवड्याला एक अक्षरगट घ्या आणि त्यातले शब्द घरातल्या डब्यांवर, दारांवर चिकटवा. बाजाराची यादी मुलाकडून मराठीत लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी लगेच लाल खुणा करू नका. आधी लिहिण्याची भीड जाऊ दे, शुद्धलेखन मागाहून येते. मूल मध्ये तेलुगू किंवा इंग्रजी शब्द बोलले तर रागावू नका, आपण मराठी शब्द घालून तेच वाक्य म्हणा.

आणि महिन्यातून एकदा मुलांना इसामिया बाजारातल्या ग्रंथ संग्रहालयात घेऊन जा. पुस्तक त्यांना स्वतः निवडू द्या. चित्रांचे, लहान मुलांचे वाटले तरी हरकत नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेल्या भाषणाऐवजी एखाद्या मुलाने पुस्तक हाती धरून पानभर गोष्ट वाचून दाखवली, तर आम्हा सर्वांना ती अधिक आवडेल.