मॅट अंथरणारे हात

बेळगावातली डिसेंबरची सकाळ कशी असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सहा वाजता रस्त्यावर दूधवाला आणि कानटोपी घालून फिरायला निघालेले दोन-चार आजोबा, एवढीच वर्दळ. अशा वेळी मी, माझ्या मागे मुलगा आणि त्याच्या पाठीवर क्रिकेटचे किट, अशी आमची रविवारची स्कूटर निघत असे. मैदानाच्या फाटकाशी त्याला उतरवायचे, 'टोपी घाल, डबा खा' एवढे बजावायचे आणि घरी येऊन पुन्हा पांघरुणात शिरायचे. साडेदहाला परत जाऊन त्याला आणायचे. दोन वर्षे मी हेच करत होते. मधल्या चार तासांत त्या मैदानावर काय चालते आणि ते कोण चालवते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. महिन्याची फी भरली की आपले काम संपले, अशी माझी समजूत होती.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. क्रिकेटमधले मला ओ की ठो कळत नव्हते. पण एका रविवारी स्कूटर रुसली, काही केल्या सुरू होईना, आणि मी नाइलाजाने मैदानाच्या कट्ट्यावर बसून राहिले. त्या दिवशी जे पाहिले, ते आज सांगायचे आहे. क्लबचे नाव मी देणार नाही, माणसांचीही नाही. आपल्या शहरात आणि आजूबाजूच्या गावांत असे क्लब आणि अशी माणसे आणखीही आहेत. वाचता वाचता आपल्या ओळखीचे कोणी आठवले, तर ते तेच, असे समजायला हरकत नाही.

बावीस यार्डांचे अंथरूण

मुले यायच्या आधीच साठीच्या पुढचा एक माणूस मैदानावर आलेला होता. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात जुना स्वेटर. सगळे त्यांना 'मामा' म्हणतात. मामांचे घर कानडी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभी हयात काढली. बॅट त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही.

आमच्या मैदानावर हिरवळीची खेळपट्टी नाही. मुरमाच्या पट्ट्यावर काथ्याची मॅट अंथरून खेळतात. ऐकायला हे सतरंजी घालण्याइतके सोपे वाटते, पण ते काम शनिवारी संध्याकाळीच सुरू होते. पट्ट्यावर बेताचे पाणी मारायचे. कमी पडले तर धूळ, जास्त झाले तर चिखल. मग रोलर. तो मामांनीच फाउंड्रीतल्या ओळखीने करून घेतलेला, जाड पाइपात काँक्रीट भरलेला. रविवारी पहाटे ओंडक्यासारखी गुंडाळलेली मॅट चौघांनी खांद्यावर आणायची, उलगडायची, ताणायची आणि कडेने लांब लोखंडी खिळे ठोकायचे. मॅट सैल राहिली तर घडी पडते. घडीवर पडलेला चेंडू कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. मॅटवर चेंडू तसाही जास्त उसळतो आणि वळतो. १९५२ साली लखनौला भारताचा संघ अशाच, पण तागाच्या मॅटवर पाकिस्तानकडून कसोटी हरला होता आणि फझल महमूदने सामन्यात बारा बळी घेतले होते. मोठ्यांची ही गत, तर बारा वर्षांच्या पोरांचे काय!

त्यात मैदान काही क्लबच्या मालकीचे नाही. आठवडाभर तिथे कधी लग्नाचा मांडव, कधी प्रदर्शन, कधी सभा. मांडव उतरला की बांबूचे खड्डे मागे राहतात. धावताना त्यात पाय गेला तर घोटा गेलाच म्हणून समजा. मामा घमेल्याने मुरूम आणून एकेक खड्डा बुजवतात, काचा आणि तारा वेचतात. याचे त्यांना कोणी पैसे देत नाही.

मी एकदा विचारले, "मामा, तुमचा मुलगा केव्हाच बंगळुरूला नोकरीला गेला. मग तुम्ही अजून कशाला येता?"

मामा खिळा ठोकता ठोकता म्हणाले, "त्याच्या वेळेला मी कुठं मॅट घालत होतो मॅडम? दुसरंच कोण तरी घालत होतं की ओ."

या उत्तरावर मी फार दिवस विचार करत होते. आपल्या भागातला सुनील जोशी आठवा. गदगचा हा मुलगा सरावासाठी पहाटे हुबळीला जायचा आणि परत येऊन शाळा गाठायचा. पुढे भारताकडून पंधरा कसोटी खेळला. १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने दहा षटकांत फक्त सहा धावा देऊन पाच बळी घेतले. ते आकडे क्रिकेटवेड्यांना आजही तोंडपाठ आहेत. पण पोरगा पहाटे पोचायचा, तेव्हा तिथे कोणीतरी आधी येऊन तयारी करून ठेवलेली असणारच ना? त्या माणसाचे नाव कुठल्याही पुस्तकात सापडायचे नाही.

बेरीज जुळली पाहिजे

मैदानाच्या कडेला एक टेबल, त्यावर धावांची वही आणि वहीपाशी अक्का. अक्कांचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. पॅडचे तुटलेले पट्टे, ग्लोव्हजची उसवलेली शिवण त्याच नीट करतात. चामडी चेंडू, पॅड, हेल्मेट यांचे भाव ऐकले की पालकांचे डोळे पांढरे होतात. म्हणून क्लबमध्ये एकेक वस्तू तीन-तीन पिढ्या वापरली जाते, ती अक्कांच्या सुईमुळे. आपल्या भाच्यासाठी त्या मैदानावर आल्या आणि वही लिहायला बसल्या, त्या बसल्याच.

"मॅडम, नुसतं बसून काय करणार? हे शिका," म्हणून त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. धाव नाही तर टिंब, बळी गेला तर डब्ल्यू, षटक निर्धाव गेले तर टिंबे जोडून एम. एका बाजूला फलंदाज, दुसऱ्या बाजूला गोलंदाज. डावाच्या शेवटी फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज एकीकडे, गोलंदाजांनी दिलेल्या धावा आणि बाय, लेगबाय यांची बेरीज दुसरीकडे. दोन्ही जुळल्या पाहिजेत. एका धावेचा फरक आला तरी अक्का वही मिटत नाहीत. निवड चाचणीला मुलांना बोलावताना बरेचदा हेच आकडे पाहिले जातात.

माझ्या तिसऱ्याच सामन्यात घोटाळा झाला. आमच्या एका मुलाचे पन्नास झाले. मी टेबलावरून तसे ओरडून सांगितले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याचे वडील तर फाटकापासून धावत आले. डाव संपला आणि बेरजेत एका धावेचा फरक! अक्कांनी चेंडूगणिक शोधून काढले. पंचांनी लेगबायची खूण केली होती आणि मी ती धाव मुलाच्या नावावर लिहिली होती. म्हणजे एकोणपन्नास. "राहू दे हो अक्का, एका धावेनं काय बिघडतं?" असे माझ्या तोंडून गेलेच. अक्का काही बोलल्या नाहीत, फक्त खोडरबर पुढे सरकवले.

मुलाला सांगायला मीच गेले. मला त्याच्याकडे बघवेना. तो पॅड सोडत होता. म्हणाला, "मॅडम, पॅडलाच लागला होता. मला ठाऊक होतं." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की टाळ्या वाजल्या तेव्हा त्याने बॅट उंचावलीच नव्हती.

हा धडा त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवला नाही. तो क्लबच्या कारभारातूनच येतो. कागदपत्रे सांभाळणारे एक सर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. एकदा एका वडिलांनी मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लावण्याची गळ घातली. "सगळीकडे चालतं," हा त्यांचा मुद्दा. २०१२ पासून सोळा वर्षांखालील गटासाठी क्रिकेट मंडळाने मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासायची पद्धत आणली आहे, हे सरांनी त्यांना समजावले. शेवटी म्हणाले, "एक्स-रे नसता तरी मी लिहिलं नसतं." तो मुलगा चांगला जलदगती गोलंदाज होता. वडील त्याला घेऊन गेले. त्या वर्षी आम्ही बरेच सामने हरलो.

'बा', 'थांब' आणि 'वेट'

आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी कन्नड आणि काहींच्या घरी दोन्ही. एरवी कोणाचे काही अडत नाही. पण एका सामन्यात एक जण 'थांब, थांब' म्हणून ओरडला आणि समोरचा 'बा, बा' म्हणत निम्म्यावर पोचला. दोघे एकाच टोकाला! धावचीत कोण, यावरून मुलांपेक्षा आयांमध्येच जास्त वाजले, आणि बोलता बोलता गाडी भाषेवर येऊ लागली. सरांनी दोन्ही बाजूंना चहा दिला आणि पुढच्या रविवारी नियम केला: धावताना फक्त तीन शब्द, 'यस', 'नो' आणि 'वेट'. तेव्हापासून मराठी-कन्नड दोघेही इंग्रजीत धावतात. सूचना मात्र दोन्ही भाषांत लागते. आणि 'मामा', 'अक्का' या शब्दांचे भाषांतर अजून कोणाला करावे लागलेले नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर आमच्याकडे दोन मुली खेळायला आल्या. खेळायला अडचण नव्हती, कपडे बदलायला जागा नव्हती. अक्कांनी सामानाची खोली झाडून घेतली, आतून कडी बसवली, जुन्या चादरीचा पडदा शिवला. काम दीड तासाचे. पण ते झाले नसते, तर त्या मुली तिसऱ्या रविवारी आल्या नसत्या.

मामा आले नाहीत तो रविवार

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी खानापूरचा संघ खेळायला यायचा होता. मुले पहाटेच्या गाडीने आली. आम्ही सहा-सात पालक मॅट घालायला सरसावलो. त्यात एक इंजिनिअर, एक डॉक्टर, एक मी. पण मॅट आधी कुठून ताणायची, हेच कोणाला माहीत नव्हते. वीस वर्षे ते मामांच्या हातात होते आणि आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते. कशीबशी घातली. चौथ्या षटकात चेंडू घडीवर पडून उसळला आणि खानापूरच्या मुलाच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला. जाळी नसती तर? सरांनी सामना थांबवला. खानापूरची मुले न खेळता परत गेली. जाताना त्यांच्या डब्यांत उप्पीट भरून देताना आम्हा सगळ्यांच्याच माना खाली होत्या.

संध्याकाळी आम्ही मामांच्या घरी गेलो. पाय उशीवर ठेवून ते पडले होते. सगळे ऐकून घेतले, रागावले नाहीत. सुनेला म्हणाले, "एक चादर आण." आणि जमिनीवर ती चादर पसरून त्यांनी आम्हाला शिकवले. आधी मधली रेघ सरळ करायची. मग एक टोक पक्के करायचे, समोरचे टोक ओढायचे, आणि कडा अगदी शेवटी, समोरासमोर एकाच वेळी. डॉक्टर एका टोकाला, इंजिनिअर दुसऱ्या टोकाला, मध्ये मामांची काठी. "वढा, आणि वढा! बायकोची साडी नाही ती, फाटत नाही!" त्यांची सून तोंडाला पदर लावून हसत होती.

आता सामानाच्या खोलीत पाळीचा तक्ता लागला आहे. दर रविवारी तीन पालक आणि मोठ्या गटातली दोन मुले. मुले मुद्दाम घेतली आहेत, कारण पालक मुलाबरोबर येतात आणि मुलाबरोबरच जातात. मामा काठी टेकत येतात, खुर्चीवर बसतात आणि सूचना सोडतात. सामना जिंकला तर कुंदा, हरलो तरी चहा. खानापूरच्या मुलांना आम्ही पुन्हा बोलावले. ती आली, खेळली आणि आम्हाला हरवून गेली. त्या दिवशी कुंदा त्यांना दिला.

माझा मुलगा गेल्या जूनमध्ये शिकायला धारवाडला गेला. त्याचे किट क्लबच्या खोलीत दुसऱ्याच्या पाठीवर जायला तयार आहे. तरी रविवारी साडेपाचला माझा गजर वाजतो. वही माझ्याकडे असते. अक्का आता एका आठवीतल्या मुलीला बेरीज जुळवायला शिकवत आहेत.

वाचकहो, आपली मुलेही कुठल्या ना कुठल्या मैदानावर जात असतील. देणगीची पावती फाडा, ती हवीच आहे. पण येत्या रविवारी मुलाला फाटकाशी सोडाल, तेव्हा गाडी बंद करून दहा मिनिटे आत जा. मॅटचे एखादे टोक धरायला माणूस कमी पडत असेल.