मलिदा: कमी खर्चात घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी ज्यू सणाचा पदार्थ

रायगड-अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. तू बिश्वात या झाडांच्या सणाला (जानेवारी-फेब्रुवारी) ते मलिदा करतात. प्रेषित एलियाहू हनाबींचं स्मरण, प्रार्थना, मग सगळ्यांना वाटप. गॅस पेटवायचीही गरज नाही!

दहा जणांसाठी:
🥥 पोहे अर्धा किलो, धुऊन निथळलेले
🥥 एका मोठ्या नारळाचा चव
🥥 साखर पाव किलो, वेलची, थोडे काजू-बेदाणे

हलक्या हातानं कालवा, भोवती पाच फळं मांडा. आपल्या पांढरकवड्यात तेव्हा संत्री, पेरू, बोरं, केळी मिळतात, पाचवा खजूर.

ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मलिद्यात दूध-तूप नसतं, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही बिनधास्त वाढा.