भिंतीची ॲलर्जी की भिंतीतली ओल?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पुराचं पाणी ओसरलं की पहिली धावपळ होते ती रंगाऱ्यासाठी. 2019 साली ऑगस्टच्या सुरुवातीला पूर आला आणि 2 सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. 2021 मध्ये जुलैअखेर पाणी चढलं, 10 सप्टेंबरला गणपती बसले. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट; दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. कुंभार गल्लीत तर तयार मूर्तींसकट कारखाने पाण्यात गेले. सणाआधी घर टापटीप दिसावं हे ठीकच, पण विटेची भिंत पंचांग बघून वाळत नाही. इथल्या पावसाळी हवेत तिला आतून कोरडी व्हायला कित्येक महिने लागतात. वरून प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. दिवाळीच्या सुमारास घरात शिंका, खोकला सुरू झाला की निदान ठरलेलं असतं : नव्या रंगाची ॲलर्जी!

रंगाचा किंवा थिनरचा वास डोळ्यांत चुरचुरतो, घसा खवखवतो, डोकं धरतं. हा बहुतेक वेळा नुसता दाह असतो. मात्रा वाढली तर कुणालाही होईल, दमेकऱ्याला थोड्या मात्रेतही होईल. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं एखाद्या पदार्थाशी धरलेला दावा. तो बुरशीशी आणि गादी-उशांतल्या धूलिकीटकांशी बऱ्याच जणांचा असतो, आणि या दोघांनाही दमट हवा मानवते. वासाच्या त्रासाचा उलगडा मात्र रक्तचाचणीच्या महागड्या पॅकेजमध्ये होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा रोख साधा आहे : बुरशीची जात शोधण्याआधी ओल थांबवा.

भिंतीवरचं सगळं पांढरं काही बुरशी नसते. जमिनीतून चढलेलं पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. लोणा विरघळतो, बुरशी तशीच राहते. लोण्यानं दमा होत नाही, पण पाणी अजून येतंय एवढं तो नक्की सांगतो. आणि बुरशी घासताना ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

‘सिमेंटच्या घरानं अंगाला खाज येते’ हेही वरचेवर कानावर येतं. सिमेंटची ॲलर्जी खरी आहे, पण ती गवंड्याच्या हाताला होते. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियममुळे त्वचा फुटते, पुढे जन्मभर खाजते. युरोपनं 2005 पासून या क्रोमियमवर दहा लाख भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली. घट्ट झालेल्या, गिलावा केलेल्या भिंतीजवळ झोपणाऱ्याला ही ॲलर्जी होत नाही. आपण तक्रार करतो घरमालकाकडे. हातमोजे न घालता माल कालवणाऱ्यासाठी कुणी करत नाही.

जुन्या गोदामांवरच्या सिमेंटच्या पत्र्याचं नेमकं उलट आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्यानं ना शिंक येते ना खाज, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो. तो कापला, फोडला, घासला की तंतू उडतात आणि फुप्फुसाचा आजार काही दशकांनी दिसतो. छिद्र पाडायचंच असेल तर आधी पत्रा भिजवा.

‘वास गेला म्हणजे विषय संपला’ असं नव्या फर्निचरबद्दल सुतारही सांगतो. प्लायवूडमधला फॉर्मल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो, उष्ण आणि दमट हवेत जास्तच, आणि नाकाला त्याची सवय होते. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याची कर्करोगकारकांत नोंद केली. दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा एमआर प्लाय सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडनं चिकटवलेला असतो. बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपीमध्ये फिनॉलची राळ असते, ती वायू बरीच कमी सोडते. थोडे पैसे जास्त जातात, पण मुलांच्या खोलीत ते घालावेतच. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. वायू तिथूनच जास्त सुटतो.

यावर उपाय म्हणून मनी प्लांट आणि स्नेक प्लांट आणले जातात. झाडं असे वायू शोषतात हे दाखवणारा ‘नासा’चा 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता. खऱ्या घरात हवेच्या येण्याजाण्यानं होतो तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर चौरस मीटरला निदान दहा कुंड्या लागतील, असा हिशेब 2019 मध्ये संशोधकांनी मांडला. कुंड्या शोभेला ठेवा. हवेसाठी समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

आणि भिंतीला दोष देण्याआधी घरात रोज काय जळतं ते बघा : उदबत्ती, धूप, डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असं 2003 च्या एका अभ्यासात आढळलं. आणि ही कॉइल दारं बंद करून, बाळाच्या पाळण्याखाली लावली जाते! मच्छरदाणीला धूर नसतो.

रंग लावायचाच असेल तर आधी गवंड्याला आणि प्लंबरला बोलवा. गळती थांबल्यावर पोपडे खरवडा, भिंत उघडी ठेवून वाळू द्या. तोवर चुना चालेल. त्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते आणि त्याच्या क्षारीपणामुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही. घरातल्या कुणाची छाती वाजत असेल, तर रंगाऱ्याचं मत घेऊ नका, डॉक्टरकडे जा.